दानपेटीची किल्ली कोणाकडे?

रायगडच्या किनाऱ्याचा नकाशा उघडला की दिघी राजपुरी खाडीच्या दक्षिण काठावर सापडतं. पलीकडे आगरदांडा, खाडीच्या तोंडाशी जंजिरा, आणि मधून गाड्या-माणसं वाहणारी फेरीबोट. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात दिघीचं नाव सहसा येत नाही. पण या गावावरून वर-खाली नजर टाकली की मराठी ख्रिस्ती जीवनाची दोन जुनी ठाणी दिसतात. उत्तरेला, रेवदंड्यासमोर खाडीच्या अलीकडे, कोर्लई. १७४० मध्ये चौल मराठ्यांच्या हवाली करून पोर्तुगीज निघून गेले, तरी तिथल्या कॅथलिकांनी आपलं चर्च राखलं आणि पोर्तुगीज मिसळलेली घरबोलीही राखली. दक्षिणेला, सावित्रीच्या मुखाशी, बाणकोट. तिथे १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी शाळा मांडल्या. एका ठिकाणी धर्म आरमाराबरोबर आला, दुसऱ्या ठिकाणी पाटी-पुस्तकाबरोबर. आणणारे निघून गेल्यावर मात्र दोन्हीकडे एकच प्रश्न उरला : मंडळीचा कारभार आता कोण पाहणार, आणि त्याला जाब कोण विचारणार?

प्रस्तुत पुस्तक याच प्रश्नाभोवती फिरतं. त्याचा विषय सचोटी आणि जबाबदारी असा सांगितला की वाचकाला रविवारच्या प्रवचनाची आठवण होऊन जांभई यायची शक्यता आहे. तसं होऊ नये म्हणून सुरुवातीलाच सांगायला हवं, की इथे सद्गुणांची यादी नाही. इथे पैसा आहे, जमीन आहे, पगार आहे, जातीचे दाखले आहेत, आणि या सगळ्यांतून वाट काढणारी माणसं आहेत.

तशी ही भानगड नव्या करारापासूनचीच आहे. येशूच्या शिष्यांची थैली यहूदा इस्कर्योताकडे असे आणि तो तिच्यात हात घाली, हे योहानाच्या शुभवर्तमानाने लपवलेलं नाही. म्हणजे मंडळीचा पहिला खजिनदारच चोर निघाला. यातून शिकलेला माणूस पौल. यरुशलेमच्या गरिबांसाठी त्याने ठिकठिकाणच्या मंडळ्यांतून वर्गणी जमवली, तेव्हा ती रक्कम घेऊन तो एकटा निघाला नाही; मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. पौलाला स्वतःच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका असेल असं वाटत नाही. तरीही त्याने साक्षीदार बरोबर ठेवले. पुस्तकातल्या बहुतेक लेखांचा कल याच बाजूला आहे : पुढारी चांगला आहे का, हे विचारण्याआधी त्याला विचारणारं कोणी आहे का, हे पाहावं.

आपल्या मुलखात हा प्रश्न आधी रंगाच्या आणि वंशाच्या रूपात उभा राहिला. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रु यांना गोव्याच्या धर्मसत्तेने जवळ केलं नाही. ते रोमला गेले आणि १६३७ मध्ये बिशप झाले. विजापूरच्या आदिलशाही मुलखाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढे दीडशे वर्षांनी, १७८७ मध्ये, गोव्यातल्या काही पाद्र्यांनी सत्ता उलथवण्याचा बेत केला, तो पिंटोंचा कट म्हणून प्रसिद्ध आहे. त्यामागच्या कारणांत हेही एक होतं, की स्थानिक धर्मगुरूंना वरच्या जागा मिळत नव्हत्या. ज्याच्यावर काम सोपवायचं त्याच्यावर विश्वास मात्र टाकायचा नाही, ही रीत तेव्हाही नवी नव्हती आणि पुढे प्रॉटेस्टंट मिशनांनीही ती इमानेइतबारे चालवली.

बाणकोटचं ठाणं फार काळ टिकलं नाही. पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल आल्या वर्षीच वारले. काम हर्णैकडे आणि मग पुण्याकडे सरकलं. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत उतरल्यावर मराठी शिकायला हर्णैला येऊन राहिले होते. याच स्कॉटिश मिशनच्या पुण्यातल्या शाळेत १८४१ च्या सुमारास जोतीराव फुले दाखल झाले. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. याच काळात रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायल यहुदीही मिशनच्या शाळांत शिकले, कित्येक तिथे शिक्षक झाले, विल्सनांकडून हिब्रू शिकले, आणि त्या विद्येच्या जोरावर अधिक पक्के यहुदी झाले. मिशनच्या वार्षिक अहवालात हे अपयशाच्या रकान्यात पडलं असेल. पण शाळा शाळा म्हणूनच चालवली, तर तिच्यातून शिकणाऱ्याने कुठे जायचं हे शाळेच्या हातात राहत नाही. ही जोखीम पत्करणारे मिशनरी जास्त भरवशाचे होते, असं म्हणायला हरकत नाही.

अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात १८१३ मध्ये मुंबईत झाली. अहमदनगर हे त्याचं पुढचं मोठं केंद्र. तिथे जबाबदारीचा प्रश्न अगदी उघडपणे चर्चेला आला तो १८५४-५५ मध्ये. बोस्टनहून मिशन चालवणाऱ्या मंडळाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी आले. देशी मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि स्वतःच प्रसार करावा, हा त्यांचा आग्रह. इंग्लंडमध्ये मिशन-सचिव हेन्री व्हेन त्याच सुमारास तेच सांगत होते. गावोगावी देशी पाळक नेमा, त्यांचा पगार मंडळीला झेपेल एवढाच ठेवा, आणि इंग्रजी शाळांवरचा खर्च थांबवा, असा अँडरसनांचा सल्ला. पगाराबद्दल अँडरसनांचं बरोबर होतं. परदेशी पैशावर जगणारा पाळक परदेशी साहेबाला जबाब देतो, समोर बसलेल्या मंडळीला नाही. इंग्रजीबद्दल मात्र ते चुकले. ज्या पोरांच्या हाती मिशनचा कारभार सोपवायचा, त्यांच्याच हातून मिशनच्या पत्रव्यवहाराची भाषा काढून घेतली. स्वावलंबनाचा उपदेश आणि त्याचं साधन काढून घेणं, दोन्ही एकाच दौऱ्यात झालं.

या इतिहासात सर्वांत बारकाईने पाहण्यासारखं प्रकरण पंडिता रमाबाईंचं आहे, आणि पुस्तकानेही त्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे ते योग्यच. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पुढे जो पत्रव्यवहार झाला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. चर्चचा अधिकार आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांच्यातला वाद ज्याला मुळातून वाचायचा असेल त्याने ती पत्रं वाचावीत. चेल्टनहॅमला रमाबाईंनी मुलग्यांना शिकवावं की नाही यावरही हिंदुस्थानातल्या बिशपांनी मत देऊन ठेवलं होतं, आणि ते मत रमाबाईंना मुळीच मान्य नव्हतं. एकदा धर्म बदलला म्हणून डोकं गहाण टाकायचं नाही, हा त्यांचा बाणा पहिल्या वर्षांतच स्पष्ट झाला.

खरी कसोटी पुढे आली. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि त्याने दहा वर्षं मदतीची हमी दिली. अट अशी, की विधवांसाठीच्या शाळेत धर्मप्रसार होणार नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. मग बोभाटा झाला, की मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात. रमाबाईंचं म्हणणं सरळ होतं : आपण आपल्या खोलीत प्रार्थना करतो, दार उघडं असतं, कोणाला बोलावत नाही आणि कोणाला हाकलतही नाही. ‘केसरी’ने धारेवर धरलं. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसह सल्लागार बाहेर पडले आणि पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या.

इथे रमाबाईंनी वचन मोडलं का? ख्रिस्ती वाचक चटकन नाही म्हणेल, हिंदू वाचक चटकन हो म्हणेल, आणि दोघांनाही ते फार सोपं जाईल. उघड्या दाराचा युक्तिवाद कायद्याने बिनतोड आहे. पण दहा-बारा वर्षांची विधवा पोर, जिला घरात कोणी जवळ घेतलं नाही, ती ज्या बाईने जवळ घेतलं तिच्या दारातून आत जाणारच. रमाबाईंना हे कळत नसेल असं मानणं म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान करणं. दुसऱ्या बाजूने, स्वतःच्या घरात दार लावून देवाचं नाव घे, असं कोणत्याही माणसाला सांगणं हाही जुलूमच. बोस्टनहून जुडिथ अँड्र्यूज या बाई प्रत्यक्ष चौकशीला आल्या, पुण्यात राहिल्या, सगळं पाहिलं आणि रमाबाईंच्या बाजूने कौल दिला. निकालाइतकीच चौकशीही महत्त्वाची. देणगी देणाऱ्याने माणूस पाठवला, आणि संस्थाचालक बाईने त्याला दार उघडं ठेवलं. आज किती संस्था असं करतील?

१८९७ च्या प्लेगात रमाबाईंनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेतल्या मुलीबाळींच्या हालांबद्दल पत्र लिहिलं. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते खोटं ठरवायचा प्रयत्न केला. रमाबाई मागे हटल्या नाहीत. सरकारही ख्रिस्ती आणि आपणही ख्रिस्ती, म्हणून गप्प बसावं, हा हिशेब त्यांच्या गावी नव्हता.

रेव्हरंड टिळकांची गोष्ट वेगळ्या वळणाची. नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी ख्रिस्ती झाले, अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं, ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचं संपादन केलं, आणि तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते मानत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला : बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र, पगार नाही, साहेब नाही. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, ते वारले आणि दरबार ओसरला. संन्यासी पुढारी हा मराठी मनाला पटणारा आदर्श आहे. पण लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ शेजारी ठेवून वाचलं की त्या आदर्शाचा खर्च कोणी भरला तेही दिसतं. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या वाऱ्यावर पडल्या. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या पायांनी चालत त्या धर्मात आल्या. दुसऱ्याच्या हातचं पाणी पिण्यापर्यंतचा त्यांचा प्रवास त्यांनी जसा सांगितला आहे, स्वतःच्या सोवळ्याची टिंगल करत, तसा कोणत्याही धर्मपंडिताने सांगितलेला नाही. दानशूर माणसाच्या घरात पीठ संपलं की शेजारी कोण जातं, हा धर्मशास्त्राचा प्रश्न आहे, असं पुस्तकातला एक लेख म्हणतो. तो लेख आधी वाचावा.

विचारांचे प्रवाह ओळखायचे तर ढोबळपणे असं म्हणता येईल. कॅथलिक परंपरा पदाला धरून चालते. अधिकार वरून येतो, पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) प्रापंचिकांचा वाटा मान्य झाला, आणि १९८३ च्या धर्मसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती बंधनकारक केली. भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब भाविकांना द्यावा, हेही त्या संहितेत आहे. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांचा भर वडीलमंडळावर, मतदानावर आणि इतिवृत्तावर. अँग्लिकन मधोमध. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा या वेगवेगळ्या सवयी एका छपराखाली आल्या, आणि त्यांच्याबरोबर शंभर-दीडशे वर्षांच्या जमिनी, बंगले, शाळा, कबरस्तानं यांचे कागदही. भांडण तिथेच सुरू झालं. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मिळकतीच्या वादावर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल दिला. न्यायालयाने धर्मादाय आयुक्तांकडे बोट दाखवलं. २०१३ मध्ये दुसऱ्या निकालात या मंडळीचं चर्च ऑफ नॉर्थ इंडियातलं विलीनीकरणच कायद्याला धरून झालं नसल्याचं ठरलं. महाराष्ट्रातही विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, आणि दोन गटांनी दोन चेंज रिपोर्ट दिले की वर्षानुवर्षं तारखा पडतात. एकमेकांना भाऊ म्हणून हाक मारणारी माणसं धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतल्या बाकावर दोन टोकांना बसलेली दिसतात.

पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांत अधिकार कृपादानाचा असतो. मुंबई-ठाणे-पुण्यात भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या अशा मंडळ्यांनी एकाकी माणसांना आधार दिला आहे, दारू सोडवली आहे, हे नाकारता येत नाही. पण पाळक, त्याची बायको आणि मेहुणा एवढेच विश्वस्त असतील तर विचारायचं कोणी? आणि दलित धर्मशास्त्राचा प्रवाह, ज्याला १९८१ मध्ये बंगळुरात अरविंद निर्मळ यांनी तोंड फोडलं, तो विचारतो, की ज्यांच्या पूर्वजांनी मंडळी भरवली ते वडीलमंडळात का नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे याच्या जवळपासचं बोलून ठेवलं होतं : शिकलेल्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी आपल्याच गरीब बांधवांच्या हक्कांसाठी काय केलं?

हे सगळं आत्ता कशासाठी? कारण गेल्या काही वर्षांत जगभर मोठी नावं कोसळली. मद्रासला जन्मलेले आणि अमेरिकेतून जगभर व्याख्यानं देणारे रवी झकरायस २०२० मध्ये वारले. २०२१ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या चौकशीने त्यांचं लैंगिक दुर्वर्तन उघड केलं. आधीच्या तक्रारी त्याच संस्थेने झटकून टाकल्या होत्या. २०१९ च्या फेब्रुवारीत व्हॅटिकनला बालकांच्या संरक्षणासाठी जगभरचे बिशप बोलवावे लागले. याउलट, अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहॅम आणि सोबत्यांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो इथे स्वतःसाठी काही नियम ठरवले, त्यांत पैसा आणि स्त्रियांशी वागणूक यांच्याबरोबर आणखी एक साधा नियम होता : सभेला जमलेली गर्दी फुगवून सांगायची नाही. आपल्याकडच्या प्रार्थनासभांच्या पत्रकांवर हा नियम लावला तर छपाईचा खर्च बराच वाचेल. केपटाउनला २०१० मध्ये भरलेल्या जागतिक ख्रिस्ती परिषदेनेही नम्रता, सचोटी आणि साधेपणा यांचं आवाहन केलं, म्हणजे रोग कुठे आहे ते तिथे जमलेल्यांना माहीत होतं.

भारतात कायद्याचा फासही आवळला गेला आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आणली आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यायला लावले. यात छळाचा भाग आहे, असं अनेक संस्था सांगतात, आणि ते बिनबुडाचं नाही. पण हिशेब चोख असलेल्या संस्थेला छळाविरुद्ध ताठ उभं राहता येतं. बाकीच्यांची गोची होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, एक टक्क्याहूनही कमी. एवढ्याशा समाजातल्या एका पुढाऱ्याची लबाडी सगळ्यांच्या कपाळी लागते.

रोजच्या श्रद्धेची बाजू याहून अवघड आहे, कारण तिथे खलनायक नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं; ख्रिस्ती बाहेरच राहिले. परिणाम सगळ्यांना ठाऊक आहे आणि उपासनेत त्याचा उच्चार होत नाही : रविवारी मंडळीत, दाखल्यावर हिंदू. बाळाला नावं दोन ठेवायची, एक बाप्तिस्म्याच्या वहीत आणि एक शाळेच्या रजिस्टरात. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सेल्वराणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणं ही राज्यघटनेशी केलेली फसवणूक आहे, असं म्हटलं. या सवलतींच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. ज्या बापाने पोरीला नर्सिंगला पाठवण्यासाठी दाखला जपून ठेवला, त्याला पाळकाने काय सांगायचं? खोटं बोलतोस, असं सांगणं सोपं आहे. विशेषतः पाळकाचा मुलगा मिशनच्या कॉलेजात असेल तर. या प्रश्नावर पुस्तकातल्या दोन लेखकांचं एकमेकांशी पटत नाही, आणि संपादकांनी ते तसंच राहू दिलं आहे.

प्रापंचिक श्रद्धेची उजळ बाजूही पुस्तकात आहे. नगर-मराठवाड्यातल्या खेड्यांत कापणीच्या सणाला लोक ज्वारीची कणसं, लिंबं, कोंबडी, अंडी वेदीपुढे आणून ठेवतात. उपासना संपली की अंगणात लिलाव होतो. दहा रुपयांचं लिंबू दोनशेला जातं, घेणारा ते परत देतो, पुन्हा बोली लागते. खजिनदार प्रत्येक बोली वहीत उतरवतो आणि पुढच्या रविवारी नावानिशी रक्कम वाचून दाखवतो. एखाद्या म्हातारीची पन्नास रुपयांची बोली सुटली तर ती उभी राहून सांगते. कुठल्याही ऑडिटरपेक्षा तिचा धाक जास्त. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी हरित वसईच्या आंदोलनात जमीन आणि विहिरींच्या पाण्यासाठी जी माणसं रस्त्यावर आणली, ती याच जातीची होती : चर्चच्या पायरीवर जाब विचारायची सवय असलेली.

दिघीकडे पाहताना हे डोक्यात ठेवावं लागतं. २०२१ मध्ये दिघी बंदर अदानी समूहाकडे गेलं, २०२४ च्या ऑगस्टात दिघी औद्योगिक क्षेत्राला केंद्राची मंजुरी मिळाली. अशा वसाहतींत केरळ, झारखंड, तामिळनाडूतून ख्रिस्ती कामगार येतात, आधी एखाद्या खोलीत प्रार्थना सुरू होते, मग जागेचा प्रश्न, मग ट्रस्ट. शंभर वर्षांपूर्वीच्या चुका नव्या मंडळीने नव्याने करायची गरज नाही. म्हणून पुस्तकाच्या शेवटी ट्रस्टच्या नोंदणीपासून खजिनदाराच्या वहीपर्यंतचे साधे नमुने दिले आहेत. ते नमुने छापलेत साध्या मराठीत, कारण इंग्रजीतली नियमावली कपाटात राहते.

पुस्तकात काही उणिवाही आहेत. आजच्या स्त्री-पाळकांचा एकही लेख नाही. कोर्लईच्या कॅथलिकांचं स्वतःचं म्हणणं त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं. स्वतंत्र मंडळ्यांवरचा लेख बाहेरच्या माणसाने लिहिला आहे आणि ते जाणवतं. पुढच्या आवृत्तीत या जागा भरायचं संपादकांनी मान्य केलं आहे. वाचकाने ते विसरू देऊ नये.